झाकणाची शिडी

त्यांचं खरं नाव मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावरही मी ते कधी वापरलं नाही. लहान मुलांच्या हाडांचं ते इस्पितळ. तळमजल्याच्या अगदी टोकाला त्यांची एक्सरेची खोली, आणि सकाळी आठपासून त्या खोलीतून एकच बोलणं बाहेर ऐकू यायचं, "हलू नकोस. अज्जिबात हलू नकोस. हां, झालं." म्हणून मुलं त्यांना हलूनको मावशी म्हणत. डॉक्टरही म्हणत, पण त्यांच्या पाठीमागे. बाई ठेंगणी, केस करकचून बांधलेले, फिल्म धुण्याच्या औषधाने बोटांची टोकं कायमची तपकिरी झालेली. बोलणं मोजकं आणि तेही तुटक. पहिल्या दिवशी मला त्या मुळीच आवडल्या नाहीत. मला पहिल्या दिवशी कुणीच आवडत नाही, ते सोडा.

मी शिवणकाम करते. शाळेचे गणवेश, लहान मुलांचे कपडे. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. सदान्‌कदा कुठेतरी लटकलेली असायची म्हणून घरात तिला सगळे खार म्हणायचे. डावखुरी. एका दुपारी तिने डाव्या हाताने चेंडू फेकला आणि फेकता फेकताच तिचा दंड मोडला. पडली नाही, आपटली नाही, कुणी ढकललं नाही. मी मशिनीवर बसले होते, खिडकीतून सगळं बघत होते, तरी माझा विश्वास बसेना. आठ वर्षांच्या धडधाकट पोरीचं हाड चेंडू फेकल्याने मोडतं का?

इस्पितळात एक्सरे काढला. खांद्याच्या जरा खाली, दंडाच्या हाडात, हाड नव्हतंच. एक मोठी काळी पोकळी होती आणि तिच्याभोवती हाडाची पापुद्र्याएवढी कड उरली होती. तेव्हा माझ्या मनात जो रोग आला त्याचं नाव मी आजही घेत नाही. शिकाऊ डॉक्टरने फिल्म बघून नुसतं "मोठ्या डॉक्टरांना दाखवू" म्हटलं, आणि असं कुणी म्हटलं की आईच्या काळजाचं काय होतं ते आईलाच विचारावं.

मावशी फिल्म हातात धरून उभ्या होत्या. "एक बसवून काढते," त्या म्हणाल्या.

मी उसळले. "मोडक्या हाताने तिला उठवताय? एकदा काढलात ना?"

"मिनिटभर, ताई. मी धरते तिला."

त्यांनी खारीला पाठीमागून असं अलगद उचललं की ती कण्हली पण रडली नाही. मग स्टुलावर बसवलं. "हलू नकोस. हां, झालं." दुसरी फिल्म धुऊन त्या बाहेर आल्या आणि दोन्ही फिल्म त्यांनी उजेडाच्या पेटीवर शेजारी शेजारी लावल्या. पेन्सिलीच्या टोकाने मला दाखवलं, "हा हाडाचा छोटा कपचा बघा. मोडताना सुटून आत पडलाय. निजवली होती तेव्हा पोकळीच्या मधोमध दिसत होता. बसवल्यावर तळाला गेला. आत काही घट्ट वाढलेलं असतं तर खाली गेला असता का? आत पाणी आहे, ताई. नुसतं पाणी."

तेवढ्यात मोठे डॉक्टर आले. त्यांनी एकदा फिल्मकडे बघितलं, एकदा मावशींकडे, आणि म्हणाले, "बाईंनी माझं काम केलं. ही पाण्याची गाठ आहे. कॅन्सर नाही, आणि तो होणारही नाही." माझा जीव भांड्यात पडला. पोरीच्या हाडात पाण्याचं डबकं आहे हे ऐकून एखादी बाई आनंदाने रडेल असं मला कुणी आधी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

पण डॉक्टरांनी पुढचंही स्पष्ट सांगितलं. वाढत्या मुलांच्या हाडात कधी कधी अशी पोकळी होते, का होते ते कुणालाच नीट माहीत नाही. गाठ गरीब असते, पण हाड पोखरते, मग ते मोडत राहतं. मुलीला भूल देऊन सुईने आतलं पाणी काढायचं, औषध सोडायचं, आणि हाड आपणहून भरून येण्याची वाट बघायची. एकदा, दोनदा, तीनदा करावं लागतं. तरी नाही भरलं तर दंड उघडून पोकळी खरवडायची आणि कमरेचं हाड काढून तिथे भरायचं.

"मग तेच आधी का नाही करत?" मी विचारलं.

"कारण हाताचं हाड ज्या रेषेतून वाढतं, त्या रेषेला ही पोकळी चिकटलेली आहे. खरवडताना रेषेला धक्का लागला तर हाताची वाढ तिथेच थांबू शकते."

"किती आखूड राहील?"

त्यांनी बोटं जुळवून दाखवली. "चार बोटं. जास्तही."

चार बोटं म्हणजे किती हे शिवणकाम करणाऱ्या बाईला कुणी समजावून सांगावं लागत नाही. माझ्या डोळ्यांपुढे एक लांब बाही आणि एक आखूड बाही उभी राहिली. त्या आठवड्यापासून दर रविवारी मी खारीला भिंतीला टेकवून उभी करायचे आणि दोन्ही हात टेपने मोजायचे. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने आकडे लिहायचे. आमचे हे म्हणायचे, "अगं, आठवड्यात हात आखूड होतो का?" होत नाही, मला ठाऊक होतं. पण मला दुसरं काय मोजता येत होतं?

मोडलेलं हाड सहा आठवड्यांत जुळलं. पोकळी होती तशीच राहिली. पहिलं इंजेक्शन झालं, दोन महिने गेले, काही फरक नाही. दुसरं झालं. आणखी दोन महिन्यांनी थंडीच्या कडाक्यात एका सकाळी आम्ही पुन्हा फिल्म काढून घेतली. खोलीबाहेर तोबा गर्दी होती. डॉक्टरांनी फिल्म पेटीवर लावली आणि त्यांचा चेहरा खुलला. पोकळी काळी नव्हती, राखाडी होती. "वा! भरत आलंय की. आता खेळू दे तिला थोडं."

खार अकरा दिवस खेळली. बाराव्या दिवशी शाळेतल्या लोखंडी दांड्याला लटकली आणि तोच दंड त्याच जागी मोडला.

पुन्हा तोच व्हरांडा, तीच बाकडी. डॉक्टरांनी तीन फिल्म ओळीने लावल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या. नव्या फिल्ममध्ये पोकळी पहिल्यासारखीच काळीभोर होती. "अकरा दिवसांपूर्वी तर..." एवढं बोलून त्यांनी मधली फिल्म हातात घेतली.

अंधाऱ्या खोलीचा पडदा बाजूला सारून मावशी बाहेर आल्या. त्यांना कुणी हाक मारली नव्हती.

"मधली फिल्म माझी चुकली," त्या म्हणाल्या. "त्या सकाळी औषध गार पडलं होतं. गार औषधात फिल्म जास्त वेळ बुडवून ठेवावी लागते. गर्दी होती, मी रोजच्याएवढीच ठेवली. घड्याळ बघितलं, थर्मामीटर नाही बघितला. सगळी फिल्मच पांढुरकी आली. हाड भरलं नव्हतं, डॉक्टर. फिल्म फिकी होती."

डॉक्टर म्हणाले, "मलाही कळायला हवं होतं, बाई."

"हवं होतं. पण आधी मला."

मग मी तोंड सोडलं. काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. "पोरीचा हात आहे तो, तुमच्या दोरीवर वाळत घातलेली फिल्म नाही," एवढं आठवतं. व्हरांड्यातली माणसं माना वर करून बघायला लागली. मावशी तपकिरी बोटं एकमेकांत अडकवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "खरं आहे, ताई." भांडायला आलेल्या माणसाला समोरून भांडण मिळालं नाही की तो आणखीच भडकतो. मी तणतणत बाहेर पडले.

घरी आले, मशिनीवर बसले, एका बाहीला उलटी शिवण घातली, उसवली, पुन्हा उलटीच घातली. आणि हळूहळू माझ्या ध्यानात आलं. त्यांनी सांगितलं नसतं, तर कुणालाही कळलं नसतं. डॉक्टर म्हणाले असते की हाडाचा भरवसा नाही, मी म्हणाले असते की आमचं नशीब. बाईंनी पडद्याआड नुसतं गप्प राहायचं होतं. माझा हात पायट्यावर तसाच... म्हणजे पाय हो, पाय पायट्यावर तसाच राहिला. मी चिडलेलीच होते, पण त्या चिडीत आता दुसरंच काहीतरी मिसळलं होतं.

तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी पद्धत बदलली. खारीच्याच कमरेच्या हाडातला मगज सुईने काढून त्या पोकळीत सोडला. "हा शेवटचा प्रयत्न," ते म्हणाले. "दोन महिन्यांत काही दिसलं नाही, तर उघडावंच लागेल. पुन्हा पुन्हा मोडू देता येणार नाही."

त्या आधी एक फिल्म काढायची होती. खारीचा हात फिल्मच्या डब्यावर ठेवून मावशींनी शेजारी एक चमत्कारिक वस्तू ठेवली. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या एकावर एक ठोकलेल्या. एका टोकाला एक पट्टी, मग दोन, मग तीन, अशा पाच पायऱ्या.

"हे काय आता?" मी विचारलं. माझा सूर काही गोड नव्हता.

"दुधाच्या पातेल्याचं झाकण," त्या म्हणाल्या.

खरोखरच झाकण होतं ते. घरचं जुनं झाकण कातरून, घासून, खिळ्यांनी ठोकून त्यांनी ही शिडी केली होती. त्यांचा नवरा बसवर कंडक्टर. पुढे कधीतरी औषधाच्या खिडकीपाशी भेटले तेव्हा मला म्हणाले, "आमच्याकडे दूध तीन आठवडे ताटलीखाली होतं. विचारलं तर म्हणते, झाकण ड्यूटीवर गेलंय." घरात दोन धडधाकट मुलगे, दोघांनी जन्मात हाड मोडून घेतलं नाही. "घरचा धंदा घरात कधी चालला नाही बघा," असं म्हणून ते एकटेच हसले.

मावशींनी मला शिडीचं काम समजावलं. मोठ्या जागी अशा वस्तू तयार मिळतात म्हणे, त्यांनी एका जुन्या पुस्तकात चित्र बघितलं होतं. "हाड बदलतं, ताई. औषध बदलतं, वीज बदलते, माझी नजरसुद्धा बदलते. ही बदलत नाही. प्रत्येक फिल्मच्या कडेला हिचे पाच रंग उमटतील, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत. आधी ते पाच रंग मागच्या वेळेसारखे आलेत का बघायचं. आले असतील तरच हाडाकडे बघायचं."

"आणि नाही आले तर?"

"तर फिल्म फेकायची."

आम्हाला काय माहीत की दोनच महिन्यांनी तशी वेळ येणार आहे. त्या दिवशी फिल्म पेटीवर लागली आणि पोकळी पांढुरकी दिसली. या वेळी मी स्वतः बघितलं. खारीने माझा हात घट्ट धरला. डॉक्टर पुढे वाकले. आणि मावशींनी पेटीवरून ती फिल्म ओढून काढली.

"शिडीही पांढरी आली आहे," त्या म्हणाल्या. "विजेचा दाब कमी असणार. पुन्हा काढते."

त्या क्षणी मला त्या बाईचा असा राग आला की सांगता सोय नाही. इतक्या महिन्यांत एक बरी गोष्ट दिसली होती आणि तीही त्यांनी हातातून काढून घेतली. वीज ठीक होईपर्यंत आम्ही तासभर बाकड्यावर बसलो. दुसरी फिल्म आली. शिडीचे पाचही रंग जसेच्या तसे, आणि पोकळी काळी.

डॉक्टरांनी खुर्ची मागे सरकवली. "उघडूया," ते हळूच म्हणाले आणि तारखांची वही पुढे ओढली. खार माझ्याकडे बघत होती. तिला सगळं कळत होतं, आठ वर्षांच्या पोरांना सगळंच कळतं.

"एक मिनिट," मावशी म्हणाल्या.

त्यांनी खिशातून भिंग काढलं. मागची फिल्म आणि ही फिल्म शेजारी लावली. भिंग शिडीवर, मग पोकळीच्या कडेवर, पुन्हा शिडीवर. मला वाटलं तास झाला, पण पाच मिनिटंही झाली नसतील. मग त्यांनी पेन्सिल टेकवली. "मध्ये काळंच आहे. पण कड बघा. मागच्या वेळी कडेचा रंग पहिल्या पायरीएवढा होता. आज दुसरीएवढा आहे. आणि इथे तळाला, हा दोरा. मागे नव्हता. खालून भरतंय, डॉक्टर. फार हळू, पण भरतंय."

डॉक्टरांनी भिंग घेतलं. बराच वेळ बघितलं. "दिसतंय मलाही," ते म्हणाले. "पण फारच थोडं आहे. ताई, थांबायचं तर सहा आठवडे थांबू. तेवढ्यात मोडला तर मग इलाज नाही. तुम्ही काय म्हणता?"

मी मावशींकडे वळले. ज्यांच्या हातून पोरीचा हात एकदा मोडला होता त्यांच्याकडेच. "तुम्हाला नक्की दिसतंय?"

"मला चुकायची फार भीती वाटते, ताई. म्हणून तर झाकण कापलं," त्या म्हणाल्या. "मी माझं सांगत नाही. शिडी दुसरी पायरी म्हणतेय."

"थांबू," मी म्हणाले.

ते सहा आठवडे कसे काढले ते मलाच माहीत. खारीला जमिनीवर ठेवता ठेवता नाकी नऊ आले. शाळेत खेळाचा तास असला की ती घरी माझ्याकडे येऊन बसायची आणि उजव्या हाताने बटणं निवडायची. मी तिच्या दंडाकडे बघायचे आणि वाटायचं, आत या घटकेला काही चाललंय का? कुणी तिथे हात घातलेला नाही, कुणी वीट ठेवलेली नाही. पोर बटणं निवडतेय, आणि आत अंधारात हाड आपलं आपण विणलं जातंय की नाही?

विणलं जात होतं. सहा आठवड्यांनी कड तिसऱ्या पायरीएवढी आली आणि तळापासून पांढरं धुकं चढायला लागलं. डॉक्टरांनी तारखांची वही उघडलीच नाही. पुढच्या फिल्मला धुकं अर्ध्यावर. त्याच्या पुढच्या वेळी पोकळीचे आडवे कप्पे झाले, मग कप्पे बुजले. दर वेळी मावशी आधी शिडीकडे बघायच्या, मान हलवायच्या, आणि मगच आम्हाला श्वास घ्यायची परवानगी मिळायची. मी आयुष्यभर फाटकं जोडत आलेय. कितीही बारीक टाका घाला, ठिगळ कळतंच, बोटाला तरी लागतंच. इथे मात्र फाटलेलं आपणहून भरत होतं आणि मला ते पायरी पायरीने बघायला मिळत होतं. मी देवळात जाणारी बाई नाही. पण त्या पेटीसमोर माझे हात कधी जोडले गेले ते मला कळलंही नाही.

माझ्या भांडणाबद्दल मी मावशींची कधी माफी मागितली नाही. एकदा त्यांच्या एक्सरेच्या जड ॲप्रनला आतून मऊ अस्तर शिवून दिलं, खांद्याला काचतो म्हणत होत्या. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाल्या, "टाका सरळ आहे." आमच्या दोघींच्या स्वभावात तेवढंच बसत होतं.

पुढे वर्षाकाठी एकच फिल्म. खार बारा वर्षांची झाली तेव्हाची शेवटची. मावशींची निवृत्ती महिन्यावर आली होती. आज मी खारीची डावी बाही उजवीपेक्षा अर्धा इंच आखूड कापते, आणि तो अर्धा इंच माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही. कुठे अर्धा इंच आणि कुठे चार बोटं! पण त्या दिवशी आम्हाला एवढंच बघायचं होतं की हाड आता किती भक्कम आहे.

"हलू नकोस. हां, झालं." मावशी अंधाऱ्या खोलीत गेल्या आणि खूप वेळ बाहेर आल्याच नाहीत. आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"खार, तू कुठला हात ठेवलास?"

"डावा."

"नाही गं. उजवा ठेवलास, आणि मी बघितलं नाही." त्या माझ्याकडे वळल्या. "ताई, माझी पुन्हा चूक झाली. मी चांगला हात घेतला. जाता जाता पुन्हा चुकले मी."

त्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. त्यांनी खारीला परत आत नेलं. या वेळी तिचं डावं मनगट स्वतःच्या हाताने धरून डब्यावर ठेवलं. कोपराजवळचा तीळ बघितला, मोठ्याने "डावा" म्हणाल्या, मलाही म्हणायला लावलं. शिडी शेजारी ठेवली. फिल्म धुतली, आणि वाळायची वाट न बघता तशीच ओली, टपटप गळती, बाहेर आणून खिडकीच्या उजेडात धरली.

कडेला शिडीचे पाच रंग, नेहमीसारखे. आणि शेजारी खांद्यापासून कोपरापर्यंत सरळ, सलग, अखंड हाड. म्हणजे मघाचची फिल्मही डाव्याच हाताची होती. पोकळी नव्हती. पोकळी होती त्याची खूणही नव्हती.

"इथे होती ना?" मावशी पेन्सिलीचं टोक फिल्मवर फिरवत म्हणाल्या. "इथेच होती. तीस वर्षं हाडं बघतेय मी, ताई. मला जागा सापडत नाही. मला जागाच सापडत नाही हो." त्यांचे डोळे वाहत होते, आणि फिल्म त्यांच्या हातात अशी थरथरत होती की औषधाचे थेंब आम्हा तिघींच्या अंगावर उडत होते.

खार टाचा उंचावून मान पुढे काढत होती. तिलाही आपलं हाड बघायचं होतं.

"मावशी," ती म्हणाली, "हलू नका ना. मला दिसत नाहीये."

मावशींनी फिल्म दोन्ही हातांनी धरली. तरी ती हलतच राहिली.